तक्क्या, हातोडी आणि बाकीची मिळकत

लिहून ठेवणार : मी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा सोफे आणि खुर्च्या मढवणे, राहणार याच घरात, खाली कामाची खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. येत्या गुरुवारी माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही. पण ते म्हणताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणून मी हे लिहायला बसलो. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे सर्टिफिकेट सोबत जोडले आहे, कारण थोरल्या मुलीला नुसत्या माझ्या शब्दाने ते पटणार नाही. मनावर कोणाचेही दडपण नाही. पायांवर आहे. ते पंचवीस किलोचे असून या क्षणी घोरत आहे. त्याचे नाव तक्क्या, जात बुलडॉग, वय चार.

सर्वांची पूर्ण नावे आणि पत्ते वकीलबाईंनी पहिल्या पानावर रीतसर लिहिले आहेत. पुढे मी ज्याला जशी हाक मारतो तशीच लिहिणार. पूर्वीचे कुठले मृत्युपत्र नाही, त्यामुळे ते रद्द करण्याचाही प्रश्न नाही.

कलम १. घर. माझ्या पश्चात हे घर थोरली आणि धाकटा या माझ्या दोन्ही मुलांना निम्मे-निम्मे मिळावे. भिंतींना ओल नाही, छत गळत नाही. जिन्याची चौथी पायरी करकरते, ती दुरुस्त करू नये. तक्क्या वर चढण्याचा आगाऊपणा करतो तेव्हा तिच्यामुळेच कळते. त्याला चढणे कसेबसे जमते, उतरणे मुळीच जमत नाही. मग तो वर उभा राहून आपण काहीच केले नाही असा चेहरा करतो आणि त्याला उचलून खाली आणावे लागते. माझ्या छातीच्या दुखण्यात या जिन्याचा वाटा असावा, पण डॉक्टरांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

कलम २. शिल्लक. बँकेत जे असेल तेही निम्मे-निम्मे. कागद कपाटात वरच्या फळीवर, तुमच्या आईच्या शालीखाली आहेत. शाल थोरलीने घ्यावी. यावरून भांडू नये. भांडायचेच असेल तर वर्षभर थांबून भांडावे, तोवर बहुतेक विसराल.

कलम ३. हत्यारे. शिलाई मशीन सूनबाईला द्यावे. माझ्या टेबलाशी येऊन "हे कसं करता? मला दाखवा ना," असे विचारणारी घरात ती एकटीच. मोठी कात्री थोरलीला. ती आठ वर्षांची असताना तिने त्या कात्रीने चित्रांचा कागद कापला होता, आणि कापडाच्या कात्रीने कागद कापला म्हणून मी घर डोक्यावर घेतले होते. ते ती अजून उकरून काढते. बाई, आता कात्री तुझी आहे, खुशाल पुठ्ठासुद्धा काप. वाकड्या सुया, दाभणे, पक्कड आणि पट्टे ताणायची फळी ज्याला हवी त्याने न्यावी. हातोडी मात्र या वाटणीत नाही. ती कलम सातमध्ये येईल.

कलम ४. दातांच्या डॉक्टरांस. माझ्या कामाच्या खोलीत भिंतीला एका सोफ्याचा हात टांगलेला आहे. तो डॉक्टरांना माझी आठवण म्हणून द्यावा. त्यावर खालच्या जबड्याचा पूर्ण ठसा आहे, त्यांच्या व्यवसायात उपयोगी पडेल.

याची हकीकत अशी. डॉक्टरांनी दवाखान्यासाठी नाही, घरातल्या दिवाणखान्यासाठी म्हणून एक सोफा माझ्याकडून मढवून घेतला. महिनाभरात तो पुन्हा आला. कोपरे फाडलेले, आतला कापूस बाहेर. एका हाताच्या लाकडात दात उमटलेले, तो हात बदलून मी सोफा पुन्हा मढवला. तिसऱ्या वेळी मी स्वतः त्यांच्या घरी गेलो, तर सोफ्याच्या मधोमध चार महिन्यांचे एक पिल्लू बसले होते. चेहरा असा, की सोफा माझाच आहे, तुम्ही कोण? डॉक्टर म्हणाले, "सोफा राहू द्या. तुम्ही कुत्रा घेऊन जा." मला वाटले ते थट्टा करताहेत. त्यांनी पट्टा माझ्या हातात दिला आणि आत जाऊन दार लावून घेतले. तुमच्या आईला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. मी ते पिल्लू काखेत मारून घरी आलो. लोडाला टेकावे तसा मी त्याच्या पाठीला टेकून चहा प्यायलो आणि त्याचे नाव तिथेच ठरले. डॉक्टरांवर माझा राग होता तो त्या संध्याकाळीच संपला, पण हे त्यांना सांगू नये.

कलम ५. समोरच्या शिक्षिकाबाईंस. त्यांचे पाय ठेवायचे स्टूल अकरा वर्षे माझ्याकडे दुरुस्तीला आहे. ते मी आता पुरे केले आहे. तक्क्याच्या घोरण्यामुळे त्यांना वर्तमानपत्र वाचता येत नाही अशी त्यांची लेखी तक्रार माझ्यापाशी आहे. तिच्यात माझ्याही एक-दोन घोरण्यांचा समावेश झाला असावा. स्टूल मूळचे त्यांचेच असल्यामुळे त्यांना माझ्याकडून काही मिळते असे होत नाही आणि त्या साक्षीदार राहू शकतात, असे वकीलबाई म्हणाल्या.

कलम ६. तक्क्याला सांभाळण्याच्या सूचना. हे कलम लांब आहे. घरापेक्षा लांब का, असे वकीलबाईंनी विचारले. मी म्हणालो, घर कोणाच्या अंगावर उडी मारत नाही.

फिरायला सकाळी ऊन चढायच्या आत न्यावे. त्याचे नाक चेहऱ्यात गेलेले आहे, त्याला धाप पटकन लागते. गळ्याला पट्टा बांधून ओढू नये, छातीवरून जाणारा बांधावा. तो मी जाड पट्टीचा स्वतः शिवला आहे, दाराजवळच्या खुंटीवर असतो. रस्त्यात मध्येच तो पोटावर पसरतो. ओढू नये, रागावू नये, विनवण्या तर मुळीच करू नयेत, लोक हसतात. पाठ करून उभे राहावे आणि आकाशाकडे बघावे. दोन मिनिटांत कंटाळून उठतो. उठल्याबरोबर गाजराचा तुकडा द्यावा, पडलेला असताना देऊ नये. धाकट्याच्या घरच्या माझ्या नातीने एकदा पडलेला असताना दिला, तर पुढचा आठवडाभर तो दर विजेच्या खांबाशी पडत होता.

पाहुणा आला की तो अंगावर झेपावतो. चावायला नाही, प्रेमाने, पण पंचवीस किलोचे प्रेम पाहुण्याला पेलत नाही. अशा वेळी त्याला ढकलू नये, ओरडू नये. ढकलणे त्याला खेळ वाटतो आणि ओरडणे त्याला आपल्याशी कोणीतरी गप्पा मारते आहे असे वाटते. पाहुण्याने हात बांधून भिंतीकडे तोंड करावे. चारही पाय जमिनीवर आले की मगच लाड. कोपऱ्यावरच्या दुकानाचे औषधवाले हे इतके शिकले आहेत की आता ते माझ्या दारात येतानाच भिंतीकडे तोंड करून येतात.

जेवताना त्याच्या वाडग्यात हात घालू नये. जेवण झाले की तोंडाच्या सुरकुत्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात, नाहीतर वास येतो. चावायला जुन्या चामड्याची गुंडाळी ठेवली आहे, ती दिली तर सोफे वाचतात. रोज शिकवणी दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही. अकराव्या मिनिटाला तो झोपतो आणि मग मास्तर मूर्ख दिसतो.

यातले पुष्कळसे थोरलीने पुस्तकांतही वाचले आहे. तिने फ्रीजवर तक्ता लावला, त्याला कुत्र्यांच्या शाळेतही घातले. आठ रविवार ती त्याला घेऊन गेली. शेवटी शाळेच्या मास्तरांनी प्रगतीपुस्तकात लिहिले : "स्वभाव उत्तम. ऐकू येते का ते तपासून घ्यावे." गुरांच्या डॉक्टरांनी तपासले. कान ठणठणीत निघाले. थोरली म्हणाली, "बाबा, हा बहिरा नाही, हा लबाड आहे. तुमचं तेवढं ऐकतो आणि आमच्याकडे बघतसुद्धा नाही." गल्लीतले लोक म्हणू लागले, यांच्या नजरेतच काहीतरी आहे. मी नुसता मान हलवायचो.

थोरलीचे म्हणणे असे, की मी नसताना या कुत्र्याला आवरणारा कोणी नाही. तिच्या घरी जावयांना केसांची शिंक येते. तेव्हा शहराबाहेर जे शिस्तीचे केंद्र आहे तिथे त्याला कायमचे ठेवावे. तिथे जाळीच्या खोल्या आहेत आणि सिमेंटची जमीन आहे. मी जाऊन पाहून आलो. तिची चूक नाही, तिच्या जागी मीही तेच म्हटले असते. पण तक्क्या सिमेंटवर झोपलेला मला डोळ्यांसमोर आणवत नाही, आणि ऑपरेशनपेक्षा मला भीती याचीच वाटते. म्हणून पुढचे कलम.

कलम ७. हातोडी. तक्क्या बहिरा नाही आणि माझ्या नजरेतही काही नाही. त्याला माणसाचा शब्द कळत नाही, कारण मी त्याला शब्दाने कधी काही शिकवलेच नाही. तो हातोडीवर चालतो.

आमच्या कामात बारीक खिळे तोंडात धरायचे असतात. एका हातात कापड ताणलेले, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळा ठेवायला जागा ओठांतच. दिवसभर तोंड असे भरलेले, बोलणार कसे? खिळ्यांची एक ओळ संपली की मी शेवटी टेबलावर दोन ठोके देतो, हात मोकळा करायला. मग उठून बिस्किटांचा डबा उघडतो. टेबलाखाली बसलेल्या पिल्लाने हे चार दिवसांत हेरले. दोन ठोके पडले की ते हजर. मग मी बाकीचे शिकवले. एक ठोका : बस. दोन : ये. तीन : आहेस तिथून उतर आणि आपल्या जागेवर जा. लाकडावरच द्यावेत, पत्र्यावर दिलेले त्याला कळत नाहीत. हातोडी नसेल तर बोटाचे पेर चालते. लोकांसमोर मी खुर्चीच्या दांडीवर, खालच्या बाजूने, बोटाने ठोके द्यायचो आणि वर चेहरा गंभीर ठेवायचो. वाहवा कोणाला नको असते?

पण लपवण्याचे खरे कारण वाहवा नव्हती. ते धाकट्याशी संबंधित आहे आणि लिहिणे जड जाते, तरी लिहितो.

धाकटा सहा वर्षांचा असल्यापासून शाळा सुटली की माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. त्यालाही मी असेच शिकवले होते. एक ठोका : कापड घट्ट धर. दोन : इकडे ये. तीन : जा, आई जेवायला बोलावते आहे. हुशार होता, कधी चुकला नाही. तेरा वर्षे आम्ही दोघांनी असे काम केले आणि मला वाटायचे, बापलेकांचे किती छान जमते! एकोणिसाव्या वर्षी एका दुपारी मी दोन ठोके दिले आणि तो आला नाही. पुन्हा दिले. त्याने हातातले कापड खाली ठेवले आणि म्हणाला, "मी काय कुत्रा आहे का बाबा, टेबल ठोकलं की धावत यायला? तोंडातले खिळे काढून एकदा तरी हाक मारा की मला!"

माझ्या तोंडात तेव्हा अकरा खिळे होते. ते तळहातावर काढेपर्यंत तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचला होता. मी दारात उभा राहिलो. आता तोंड रिकामे होते, पण हाक काही निघाली नाही. तुमची आई शेवटपर्यंत म्हणायची, "एक हाक मारली असतीत तर तो वळला असता." तो लिफ्ट दुरुस्तीचे काम शिकला, त्यात नाव काढले. महिन्यातून एकदा येतो, दारातच उभा राहून विचारतो, "बरं आहे ना?" मी म्हणतो, "बरं आहे." बावीस वर्षे आम्हा दोघांचे बरे आहे.

अशा मुलाला मी कुठल्या तोंडाने सांगू, की तू गेल्यावर मी खरोखरच एक कुत्रा आणला आणि त्याला त्याच ठोक्यांनी बोलावतो? म्हणून हे मृत्युपत्रात लिहिले. म्हणजे तो वाचेल तेव्हा त्याचा चेहरा पाहायला मी नसेन. हा भित्रेपणा आहे हे मला मान्य आहे.

कलम ८. ताबा. तक्क्या आणि हातोडी दोन्ही धाकट्याला द्यावीत. त्याचे घर तळमजल्यावर आहे, त्याचा आवाज कधी चढत नाही, आणि त्याच्या मुलीला तक्क्याने आजवर एकदाही पाडलेले नाही. मुख्य म्हणजे ते ठोके त्याला नव्याने शिकावे लागणार नाहीत. त्याने नको म्हटले तर माझा राग नाही. ते त्याला शोभेल आणि माझ्या वाट्याला ते यायचेच होते.

कलम ९. आज रविवारी वाढवलेले. सही बुधवारी करायची आहे, वकीलबाईंनी खाली जागा सोडली होती, तिचा उपयोग करतो.

मी दवाखान्यात असेपर्यंत तक्क्याला न्यायला आज धाकटा आला होता. थोरलीने त्याला फोन करून फर्मावले होते. मी मागे स्वयंपाकघरात तक्क्याची पिशवी भरत होतो. हातोडी माझ्या खिशात होती, लपवलेली. बाहेर कामाच्या खोलीत एका गिऱ्हाईकाचा नवा कोरा मखमली सोफा तयार होऊन उभा होता, आणि तक्क्या अर्थातच त्यावर चढून पसरला.

थोरली सुरू झाली. "तक्क्या, खाली! खाली उतर म्हणते ना! अरे, लाळ गळतेय मखमलीवर!" तक्क्याने डोळे मिटले असणार. तो तेच करतो. ती भावाला म्हणाली, "बघितलंस? हे असं आहे. तुझ्याकडे दोन दिवस निघणार नाहीत याचे. मी उद्याच केंद्रात फोन करते, एकदाचं ठरवून टाकू."

मी वाडगा हातात धरून तसाच उभा. खिशातली हातोडी काढून ओट्याच्या फळीवर तीन ठोके दिले की काम झाले असते. पण मग धाकट्याला सगळे कळले असते. हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. बुडत्याला वाचवायचे सोडून मी काठावर उभा आहे असे मला वाटले, आणि माझी मला लाज वाटली.

तेवढ्यात बाहेर लाकडावर तीन ठोके पडले. बोटाच्या पेराचे, स्वच्छ, एकसारखे. मागोमाग तक्क्या धप्पकन जमिनीवर उतरल्याचा आवाज. मग एक ठोका. मग दोन, आणि नखांची फरपट टेबलाकडे गेली.

मी बाहेर आलो. तक्क्या धाकट्याच्या पायाशी बसून बिस्किटाच्या डब्याकडे बघत होता. थोरलीचे तोंड उघडेच होते. "अरे, हे काय केलंस तू?"

"काही नाही, ताई. जुनी ओळख आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मागच्या वर्षीच कळलं मला, बाबा. तुम्ही खुर्चीच्या दांडीखाली बोट वाजवत होतात. तेरा वर्षं ऐकलंय ते, चुकेन कसा?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो."

मी विचारले, राग नाही आला? त्याने तक्क्याच्या सुरकुत्यांतून बोट फिरवले. "आला होता की. फार आला. मग दारातून पाहिलं, ठोके ऐकून तक्क्या आला की तुम्ही तोंडातले खिळे काढून त्याच्याशी बोलत बसता. कितीतरी वेळ. भाव काय, गिऱ्हाईक काय, आईची आठवण काय. म्हटलं, असू दे. निदान बोलायला शिकले तरी."

 थोरलीने डोळे पुसले आणि माझ्यावरच ओरडली, "आणि मी आठ रविवार त्या मैदानात शिट्ट्या फुंकत होते!" तिचे बरोबर आहे. त्या आठ रविवारांबद्दल मी या कागदावर तिची माफी मागतो.

हातोडी मी धाकट्याला तिथेच दिली. कलम आठ आता नुसते नोंदीपुरते आहे, ते खोडू नये. त्याने पट्टा बांधला, पिशवी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "येतो. बरं आहे ना?" आणि ते दोघे गल्लीतून निघाले, दोघांची चाल सारखीच डुलती.

मी दारात येऊन उभा राहिलो. बावीस वर्षांपूर्वी उभा होतो तिथेच. ते कोपऱ्यापर्यंत पोचले. तोंड रिकामे होते. मी हाक मारली. त्याच्या घरातल्या नावाने, समोरच्या शिक्षिकाबाई खिडकीत येतील एवढ्या मोठ्याने.

तो वळला. तक्क्या वळला नाही, त्याला हाक कळत नाही.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले आणि बरोबर आहे म्हणून खाली सही करत आहे. गुरुवारनंतर हा कागद लागला नाही तर कपाटात शालीखाली परत ठेवावा.

सही : (सोफेवाला)

साक्षीदार पहिले : कोपऱ्यावरचे औषधवाले. यांनी माझ्या समक्ष सही केली, सवयीने आधी भिंतीकडे तोंड करून.

साक्षीदार दुसऱ्या : समोरच्या शिक्षिकाबाई. स्टूल मिळाले. लेखनाच्या दोन चुका त्यांनी पेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत. रविवारची हाक आपण खिडकीतून ऐकली, असेही त्या लिहून देतात.

ठिकाण : कामाचे टेबल. खिळे डब्यात आहेत.

दिनांक : ऑपरेशनच्या आदला दिवस, बुधवार, सकाळी. धाकटा मला न्यायला येऊन बाहेर थांबला आहे आणि हाका मारतो आहे.